शोधकथेच्या साच्यात कथा बसवली आणि मधला भाग ढिला पडला. कथानकाचे प्रकार वापरायचे कसे?

कोरी वही

नमस्कार. मी एका दीर्घकथेचा दुसरा खर्डा लिहीत असून तिच्या रचनेबाबत या चर्चामंचावरील जाणकारांचे मत हवे आहे.

कथा थोडक्यात अशी. लातूरमध्ये क्लासच्या मुलांसाठी खानावळ चालवणाऱ्या सुमनबाईंकडे धारूर तालुक्यातला एक मुलगा दोन वर्षे जेवायला येत असतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा चार महिन्यांवर आलेली असताना, जानेवारीत, तो कोणाला काही न सांगता निघून जातो. तीन महिन्यांचे पैसे थकलेले असतात आणि त्याची पत्र्याची पेटी बाईंच्या माळ्यावर राहिलेली असते. बाई त्याला शोधायला निघतात. क्लासचे कार्यालय, खोलीमालक, अंबाजोगाईला परतलेला त्याचा खोलीतला सोबती आणि नंतर त्याचे गाव अशी ठिकाणे पालथी घातल्यावर तो त्यांना एका ऊसतोडीच्या फडावर सापडतो.

पहिला खर्डा मी काहीही न आखता लिहिला होता. ज्यांनी तो वाचला त्यांचे म्हणणे पडले की कथा भरकटते. म्हणून मी कथानकांच्या प्रकारांविषयी वाचू लागले. शोध, सूड, परागंदा होऊन परतणे, दारिद्र्यातून वैभवाकडे जाणे, संकटरूपी राक्षसाचा नाश अशा याद्या सर्वत्र मिळतात. माझी कथा शोधकथा आहे असे ठरवून मी ती तीन अंकी रचनेत बसवली. पहिले वळण पंचवीस टक्क्यांवर, मध्यबिंदू पन्नास टक्क्यांवर आणि ‘आता सारे संपले’ असे वाटायला लावणारा प्रसंग पंचाहत्तर टक्क्यांवर आणला. कथा आता भरकटत नाही हे खरे, परंतु पुढे काय होणार याची उत्सुकताही उरलेली नाही आणि मधला भाग तर मला स्वतःलाच रटाळ वाटतो.

साचा लेखनापूर्वी वापरायचा असतो की नंतर? ही टक्केवारी कितपत पाळावी? एकाच कथेत दोन प्रकार मिसळले तर चालतात का?

तिसरा खर्डा

आपल्या अडचणीत दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. वाचक कोणत्या प्रश्नाच्या उत्तराची वाट पाहत बसणार, हे कथानकाचा प्रकार ठरवतो. ते उत्तर केव्हा, किती आणि कोणाच्या तोंडून द्यायचे आणि तोवर काय दडवायचे, हे रचना ठरवते. सूडकथेचा वाचक ‘सूड उगवला जाईल का’ यापेक्षा ‘सूड घेणारा त्यापायी काय गमावून बसेल’ याकडे डोळे लावून असतो. शोधकथेतही ‘सापडेल का’ हा प्रश्न वरवरचा आहे, कारण एवढी पाने शोध चालला म्हणजे शेवटी काहीतरी हाती लागणार, हे वाचक धरूनच चालतो. ‘सापडल्यावर शोधणारा काय करील’ हा प्रश्न खरा, आणि तो सुरुवातीच्या दोन-तीन पानांतच रुजायला हवा.

आपल्या सारांशात सुमनबाई नेमक्या कशासाठी निघतात हेच समजत नाही. थकबाकीसाठी म्हणावे, तर प्रवासखर्च आणि बंद राहिलेल्या खानावळीचे नुकसान यांचा हिशेब तिच्याहून मोठा होईल. मायेपोटी म्हणावे, तर पैशांचा मुद्दा कथेत कशाला आणला? बाईंनी चारचौघांत ‘पैसे वसूल करायला चालले आहे’ असे सांगावे आणि वाचकाला ते पुरते पटू नये, अशी फट लेखकाच्या फार कामाची असते. मात्र ती जाणूनबुजून ठेवलेली असायला हवी.

आता मधल्या भागाविषयी. क्लास, खोलीमालक, सोबती आणि गाव हे चार प्रसंग कागदाच्या चार तुकड्यांवर लिहा आणि त्यांचा क्रम बदलून पाहा. क्रम बदलूनही कथेचे काही बिघडत नसेल, तर ते चारही प्रसंग एकच काम करत आहेत. माझा अंदाज असा की प्रत्येक ठिकाणी बाईंना पुढचा पत्ता मिळतो आणि त्या पुढे जातात. म्हणजे प्रसंगांना जोडणारा शब्द ‘आणि मग’ एवढाच आहे. ‘राजा मेला आणि मग राणी मेली’ ही हकिगत आणि ‘राजा मेला, त्या दुःखाने राणी मेली’ हे कथानक, असा भेद इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केला होता. दोन प्रसंगांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ हा शब्द बसतो का, हे तपासणे ही त्याच भेदाची रोजच्या वापरातली आवृत्ती म्हणता येईल.

उदाहरणच द्यायचे तर, क्लासच्या कार्यालयात बाईंना पत्ता मिळावा, पण त्यासाठी ‘मी त्याची मावशी आहे’ असे खोटे सांगावे लागावे. खोलीमालकाने ते खोटे खरे मानून मुलाचे थकलेले भाडे त्यांच्याकडेच मागावे. अंबाजोगाईच्या सोबत्याकडून असे कळावे की ‘खानावळवाल्या बाईंनी हाकलून दिले म्हणून आलो’ असे त्या मुलाने घरी सांगितले आहे. आता गावात पाऊल टाकताना बाई वसुलीला आलेल्या नाहीत. त्यांच्यावरच ठपका आहे आणि तो पुसायला त्या आल्या आहेत. परिस्थितीची अशी उलटापालट आणि अज्ञानातून ज्ञानाकडे नेणारी ओळख ही दोन अंगे ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या कथानकात सर्वांत प्रभावी मानली होती. त्यांसाठी पन्नास टक्क्यांची रेघ आखावी लागत नाही. प्रत्येक प्रसंगात बाईंचे काहीतरी खर्ची पडू द्या: आधी पैसा, मग अब्रू, मग मुलाविषयीचा विश्वास.

साचा आधी की नंतर, याबाबत माझे मत ‘नंतर’ असे आहे. खर्डा हाती असला म्हणजे साच्याला प्रश्न विचारता येतात. खर्डा नसताना साचाच आपल्याला उत्तरे सांगू लागतो.

नाट्यविचार

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. एक भर घालावीशी वाटते, कारण रचनेची चर्चा सुरू झाली की आपण थेट पाश्चात्त्य याद्यांकडे वळतो आणि आपल्याकडचे जुने व अधिक बारकाईचे विवेचन बाजूला राहते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम अशा कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत आणि मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे सांधे, सांगितले आहेत. ही नावे पाठ करून लेखन सुधारते असे मी म्हणणार नाही, पण त्यांतील विमर्शाची कल्पना आपल्या कथेला नेमकी लागू पडते. फळ हाताशी आलेले असताना जे विघ्न उभे राहते, तो विमर्श. दहाव्या शतकातल्या ‘दशरूपका’त धनंजयाने त्याची कारणे क्रोध, व्यसन म्हणजे संकट, आणि विलोभन अशी तीन दिली आहेत. आपला पंचाहत्तर टक्क्यांवरचा प्रसंग यांपैकी कशातून उद्भवतो हे स्वतःला विचारून पाहा. एसटी चुकली, पाऊस आला, फोन बंद पडला, अशा कारणाने तो घडत असेल, तर ते विघ्न बाईंचे नाही आणि मुलाचेही नाही.

‘शाकुंतला’त विघ्न येते ते दुर्वासाच्या क्रोधातून, आणि तो क्रोध ओढवतो तो शकुंतलेच्या प्रेमातून. दुष्यंताच्या विचारात ती इतकी बुडालेली असते की दारी आलेल्या अतिथीची हाक तिला ऐकूच येत नाही. ज्या प्रेमासाठी नाटक चालले आहे, त्याच प्रेमाने त्याचा मार्ग अडवावा, याहून घट्ट कार्यकारण सापडणे कठीण आहे. शिवाय, माशाच्या पोटात अंगठी मिळणे हा निव्वळ योगायोग असूनही तो आपल्याला खटकत नाही, कारण अंगठी आधी दिलेली आहे आणि ओळखीची खूण दाखवली की शाप सरेल हेही आपल्या कानी घातलेले आहे. योगायोगाने अडचण निर्माण झाली तर वाचक कुरकुरत नाही. योगायोगाने ती सुटली, तर मात्र तयारी आधी केलेली असावी लागते. आपली पत्र्याची पेटी अशी अंगठी होऊ शकेल.

दोन प्रकार मिसळण्याविषयीही शास्त्रात सोय आहे. दूरवर चालणारे उपकथानक म्हणजे पताका आणि एखाद्या प्रसंगापुरते येणारे म्हणजे प्रकरी. पताका गर्भ किंवा विमर्श संधीपर्यंत आटोपावी, असा दंडक आहे. अंबाजोगाईच्या सोबत्याची स्वतःची कथा (तोही लातूरहून परतलेला आहे, असे आपण लिहिले आहे) ही पताका ठरेल आणि ती फडावरच्या भेटीच्या आधी मिटायला हवी. नाहीतर शेवटच्या पानांवर वाचकाचे लक्ष दोन मुलांत वाटले जाईल. इशारा एवढाच की या शास्त्रात फलागम, म्हणजे फळ मिळणे, गृहीत धरलेला आहे. नायकाला फळ मिळणारच नसेल, तर निर्वहणाची, म्हणजे शेवटाची, कल्पना जशीच्या तशी उचलता येत नाही.

रविवारची पुरवणी

‘साचा नंतर’ हे मत मला एकांगी वाटते. ज्यांना नियतकालिकाची मुदत पाळून क्रमशः लिहावे लागते, त्यांना खर्डा पूर्ण होईपर्यंत थांबण्याची चैन परवडत नाही. पहिले प्रकरण छापून आले की त्यातला शब्द मागे घेता येत नाही. रहस्यकथेत तर गुन्हा कोणी, कसा आणि का केला हे लेखकाला आधी ठाऊक असावेच लागते, कारण सुगावे पेरायचे म्हणजे उत्तरापासून मागे चालत यायचे. तेव्हा आराखडा आधी की नंतर, याचे उत्तर लेखनप्रकारावर आणि लेखकाच्या स्वभावावर अवलंबून राहील.

टक्केवारीविषयी मात्र ठामपणे सांगतो: ती विसरा. हे आकडे चित्रपटाच्या पटकथेतून आलेले आहेत. १९७९ साली अमेरिकी पटकथा-शिक्षक सिड फील्ड यांनी पटकथालेखनाची जी मांडणी लोकप्रिय केली, तिच्यात १२० पानांची पटकथा, दर पानाला पडद्यावरचे सुमारे एक मिनिट, आणि ३०, ६० व ३० पानांचे तीन अंक असा हिशेब होता. खुर्चीत बसलेल्या प्रेक्षकाला दोन तास धरून ठेवण्यासाठी केलेला हिशेब, हवे तेव्हा पुस्तक मिटू शकणाऱ्या वाचकाच्या दीर्घकथेला कशासाठी लावायचा? पंधरा हजार शब्दांच्या कथेत पहिल्या वळणासाठी पावणेचार हजार शब्द वाट पाहायला लावणे हे माझ्या मते वाचकाच्या सहनशीलतेवर फारच भरवसा ठेवणे झाले. सुमनबाई दुसऱ्या-तिसऱ्या पानावर घराबाहेर पडल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. आज ज्यांना कथा लिहिण्याचे नियम म्हणून विकले जाते, त्यांतील कितीतरी मांडण्या मुळात वर्णनासाठी केलेल्या होत्या. लोककथांचे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी १९२८ साली सुमारे शंभर रशियन परीकथा तपासून त्यांत पात्रांची ३१ कार्ये ठरावीक क्रमाने येतात असे दाखवले. त्यांना लोककथांचे वर्गीकरण करायचे होते. नवी परीकथा कशी लिहावी हे सांगायचे नव्हते. पुराणकथांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली मांडलेला वीराचा प्रवासही पुराणकथांमधल्या साम्याविषयी होता. त्याची कार्यपुस्तिका पुढे पटकथा शिकवणाऱ्यांनी केली. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांचा १८६३ सालचा पंचांकी चढ-उतार त्यांच्यापुढे असलेल्या नाटकांवरून काढलेला आहे. वर्णन आणि नियम यांतला हा फरक लक्षात ठेवला, म्हणजे ‘माझ्या कथेत अमुक टप्पा नाही’ या भीतीने झोप उडत नाही.

आटपाट

‘तिसरा खर्डा’ यांनी मध्यातल्या पुनरावृत्तीला दोष मानले आहे. मला त्याविषयी थोडे वेगळे म्हणायचे आहे.

श्रावणातल्या कहाण्यांचा साचा पाहा. दारिद्र्य, वसा सांगणारी कोणी भेटणे, भरभराट, मग उतणे-मातणे आणि वसा टाकणे, त्यामुळे विपत्ती, पश्चात्ताप आणि पुन्हा सुफळ संपूर्ण. ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस’ असे बजावले गेले, की वसा टाकला जाणार हे ऐकणाऱ्याला कळून चुकते. प्रॉप यांच्या ३१ कार्यांतही मनाई आणि तिचा भंग ही जोडी आहेच. आदित्य राणूबाईच्या कहाणीत विपन्न बहिणीची मुले एकामागून एक मावशीकडे जातात. मावशी कधी कोहळा पोखरून, कधी काठी पोखरून, कधी नारळ पोखरून त्यात होनमोहरा भरून देते, आणि प्रत्येक वेळी ते धन घरी पोहोचण्याआधीच हातचे जाते. प्रसंग तोच, काम तेच, तरी लहान मुलेसुद्धा कान टवकारून ऐकतात, कारण धन जाणार हे त्यांना ठाऊक असते आणि या खेपेला ते कशात दडवले आहे व कसे जाणार एवढेच पाहायचे असते. शेवटी आई स्वतः जाते आणि कहाणी ऐकते, तेव्हा साखळी तुटते. म्हणजे पुनरावृत्तीला एक अट आहे: ती कुठेतरी तुटली पाहिजे आणि कोणी तोडली याला अर्थ असला पाहिजे.

सुमनबाईंना चारही ठिकाणी तोच नकार जवळजवळ त्याच शब्दांत मिळाला आणि पाचव्या ठिकाणी त्यांनी स्वतःच वेगळा प्रश्न विचारला, तर तो मध्य रटाळ होणार नाही. आपण योजलेला प्रत्येक प्रसंग चढता असलाच पाहिजे, हा आग्रहही एक साचाच आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्याकडे नवकथा आली, तेव्हा गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांनी आधीच्या पिढीच्या रेखीव तंत्राला आणि बेतलेल्या कलाटणीला बाजूला सारले होतेच.

कोरी वही

सर्वांचे मनापासून आभार. टक्केवारी सोडून देते. प्रसंगांचा क्रम बदलून पाहिला आणि ‘तिसरा खर्डा’ यांचा अंदाज खरा निघाला. खोलीमालक आणि क्लास यांची जागा बदलली तरी एक वाक्यसुद्धा हलवावे लागत नाही.

मुलगा का गेला हे मी प्रश्नात लिहिले नव्हते. त्याच्या आई-वडिलांनी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि तिच्यातूनच क्लासचा हप्ता भरलेला असतो. हंगामाच्या मध्यावर वडील अंथरुणाला खिळतात, नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, मोडतो, उचल फिटणार कशी हा प्रश्न पडतो आणि मुलगा आईच्या जोडीला जाऊन उभा राहतो. पेटीत हप्त्याच्या पावत्या आणि मुकादमाचा हिशेब लिहिलेली वही आहे. सध्या बाई फडावरून परत आल्यावर, शेवटच्या पानावर, पेटी उघडतात. ‘नाट्यविचार’ यांनी अंगठीचा उल्लेख केल्यापासून ही जागा चुकीची वाटू लागली आहे. पेटी कुठे उघडावी?

तिसरा खर्डा

ही माहिती फार मोलाची आहे आणि ती उघड करण्याची जागा बदलली की कथेचा प्रकारच बदलतो.

पेटी सुरुवातीलाच उघडली, तर मुलगा का गेला हे बाईंना आणि वाचकाला दोघांनाही कळून जाते. मग शोधाचा पेच राहत नाही. सारे माहीत असूनही बाई थकबाकी मागणार का, असा नैतिक पेच उभा राहतो आणि कथा जवळजवळ वसुलीची, म्हणजे उलट्या दिशेने चाललेली सूडकथा होते. शेवटी उघडली, तर ती रहस्यकथेची उकल ठरते. पण फडावर मुलाला प्रत्यक्ष पाहिल्यावर, त्याच्या आईशी बोलल्यावर, पावत्या पाहून बाईंना नवे काय कळणार? शेवटचे पान निकामी होते, ते यामुळे. मध्यात उघडली, तर उलटापालट होते: वसुलीच्या रागाने निघालेली बाई उरलेला प्रवास निराळ्या कारणासाठी करते, आणि ते कारण तोंडाने सांगायला तिला लाज वाटते.

मी मध्याच्या बाजूने आहे. अंबाजोगाईला सोबत्याकडून ‘बाईंनी हाकलले’ हे ऐकून बाई संतापाने लातूरला परत येतात, मुलाची पेटी विकून पैसे वसूल करायचे ठरवतात, आणि विकण्यासाठी म्हणून कुलूप तोडतात. क्रोधातून आलेले विघ्नही त्यात साधते आणि पेटी उघडण्यामागे कुतूहलापेक्षा सबळ कारण मिळते. वहीतून त्यांना मुकादमाचे नाव आणि उचलीची रक्कम कळावी, वडिलांच्या आजाराची वार्ता मात्र कळू नये. ती वहीत लिहिलेली असणे शक्यही नाही, कारण पेटी मागे राहिली तेव्हा मुलगा घाईत निघालेला होता. त्यामुळे फडावरच्या भेटीसाठी काहीतरी शिल्लक राहते. असे केल्यास गावातला प्रसंग कदाचित गाळता येईल, कारण मुकादमाचे नाव मिळाल्यावर बाईंना गावात जाण्याची गरज उरत नाही. गाव ठेवायचेच असेल, तर तिथे त्यांची गाठ मुकादमाशी घाला आणि ‘तू कोण लागतेस त्याची’ हा प्रश्न त्याला विचारू द्या. क्लासच्या कार्यालयात सांगितलेले मावशीचे खोटे त्या ठिकाणी बाईंना पुन्हा सांगावेसे वाटते की नाही, यावर फडावरचा प्रसंग कसा लिहायचा ते ठरेल.